वस्तादांची वाटी

कोल्हापूर,
१४ ऑक्टोबर १९९६

आपा,

सलाम. जैतूनला सातवा लागला, तब्येत बरी आहे. तुमच्याकडेही सगळे बरे असतील असं समजून थेट मुद्द्यावर येतो. अब्बांची पितळी वाटी परत पाठव.

अब्बा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तू ती पिशवीत टाकलीस तेव्हा मी काही बोललो नाही. घरात पावणेरावळे होते, तू रडत होतीस, आणि "तुला काय पायजे ते ने" असं मीच म्हणालो होतो. मला वाटलं, तू त्यांची शाल नेशील नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. तू नेमकी वाटीच उचललीस. आता माझ्याकडे घर आहे, दारातला कट्टा आहे, 'बाबालाल वस्ताद, हाडं बसवून मिळतील' ही पाटी आहे, बांबूच्या कामट्या आहेत, तेलाची बरणी आहे. गुण तेवढा नाही.

गेल्या महिन्यात तालमीतल्या एका पोराचं मनगट बांधलं. नेमाप्रमाणे आठ दिवसांनी पट्टी सोडली, तर सूज होती तशीच. तो तोंडावर काही बोलला नाही, पण गल्लीच्या तोंडाला जाऊन म्हणाला, "वस्ताद गेलं, गुण बी संगं घेऊन गेलं." जैतूननं ऐकलं आणि मला सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारखान्यातली नोकरी सोडून मी कट्ट्यावर बसलोय. इतकी वर्षं रोज संध्याकाळी पाळी सुटली की अब्बांच्या शेजारी बसून पट्ट्या फाडल्या. तेल तेच, हात त्यांच्याच रक्ताचा. मग कमी काय आहे? वाटी. ती त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिली होती, हे तुलाही माहीत आहे. जिथली आहे तिथं ती येऊ दे.

तुझा भाऊ,
शाहबाज


जयसिंगपूर,
२२ ऑक्टोबर १९९६

शाहबाज,

सलाम. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. आता दोन्ही थोडं थोडं शिल्लक आहे.

वाटीत गुण असता तर आमच्या सासूबाई एव्हाना पन्हाळा चढून आल्या असत्या. मी रोज त्याच वाटीत तेल कोमट करून त्यांचे गुडघे चोळते. अजून त्यांना खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात. लग्न होईपर्यंत अब्बांना तेल गरम करून द्यायचं काम माझं होतं. वाटी चुलीवर ठेवली की तो वास येतो आणि अब्बा पलीकडच्या खोलीत आहेत असं घटकाभर वाटतं. मला तेवढ्यासाठी ती हवी आहे. देणार नाही.

आणि त्या तालमीतल्या पोराला हाडाचा फोटो काढायला दवाखान्यात का पाठवलं नाहीस? कुणी आलं की अब्बा आधी किती वेळ नुसते बघत बसायचे, ते आठव. तुला हात घालायची फार घाई असते. लहानपणी भाकरी तव्यावर असतानाच तोडायचास, तसंच हे.

जैतूनला जड उचलू देऊ नकोस.

आपा


कोल्हापूर,
५ नोव्हेंबर १९९६

आपा,

फोटो काढायलाच पाठवायचं असेल तर मी कट्ट्यावर कशाला बसू? रिक्षा चालवीन. लोक वस्तादाच्या दारात येतात ते दवाखान्याचा पत्ता विचारायला येत नाहीत.

तुमच्या गल्लीतली बयाबाई परवा इथं मंडईत भेटली. तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं की तिचं बोट दारात सापडलं तेव्हा तू बघितलंस, तेल लावलंस आणि आठवड्यात बोट बरं झालं. म्हणजे वाटी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी नाही तर. तुला स्वतःलाच वस्ताद व्हायचंय. तसं असेल तर सरळ सांग. अब्बा तुझेही होते, कबूल. पण कट्ट्यावर मुलगा बसतो. दिल्या घरी गेलेल्या बाईनं बापाचा गुण पिशवीत घालून न्यायचा, असं मी कुठं ऐकलेलं नाही.

वाटी पाठवणार नसलीस तर ईदला येऊ नकोस.

शाहबाज


जयसिंगपूर,
१६ नोव्हेंबर १९९६

शाहबाज,

आमच्या गल्लीतले अण्णासो एसटीवर ड्रायव्हर आहेत. कोल्हापूरची गाडी त्यांच्याकडेच असते. त्यांच्या हाती वाटी पाठवतेय. माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळली आहे, ओढणी ठेवून घे, बाळाच्या दुपट्याला होईल.

बयाबाईनं अर्धंच सांगितलं. मी तेल लावलं ते नखाच्या कडेला, आणि लगेच तिला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरचं नाव ती कशाला घेईल?

वाटीपायी भाऊ घालवायचा नाही, म्हणून देतेय. तुझं म्हणणं पटलं म्हणून नाही.

आपा


कोल्हापूर,
२ डिसेंबर १९९६, सोमवार सकाळ

आपा,

सलाम. मागच्या पत्रात जास्त बोललो, माफ कर. तू वाटी दिलीस आणि माझ्या हाताला गुण आला. अण्णासोंची गाडी रात्री इथंच मुक्कामाला होती, ती सुटायच्या आत हे लिहून देतोय.

काल सकाळी गडमुडशिंगीचे पृथ्वीराज त्यांच्या पोरीला उचलून घेऊन आले. साक्षी नाव, चौथीत आहे. उसाच्या चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला गेली आणि हातावर पडली. कोपर आणि मनगटाच्या मधे हात वाकला होता. संगं पृथ्वीराजची आई, शेवंताबाई. अब्बांनी तिचा खांदा बसवला होता, त्यामुळं दवाखान्याचं नाव काढलं तरी तिला चालत नव्हतं. "वस्तादाच्या घरात हाय त्यो गुण दुसरीकडं न्हाय," असं ती कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

खरं सांगतो, असलं हाड मी आजवर बसवलं नव्हतं. वाटी नसती तर पुढं पाठवलं असतं. पण वाटीतलं तेल कोमट झालं, त्यात बोटं बुडवली, आणि अब्बांनी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं. हात ओढला, सरळ केला, अंड्याचं पांढरं लावून कामट्या बांधल्या. तालमीतल्या पोराची पट्टी सैल राहिली होती, ती चूक पुन्हा नको म्हणून ही चांगली आवळून बांधली.

पोर दिवसभर रडली. बोटं सुजून गाजरासारखी झाली. संध्याकाळी पृथ्वीराज म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेऊ या का. मी म्हणालो, पट्टी आठ दिवसांच्या आत सोडली की गुण जातो, वस्तादांचा नेम आहे. शेवंताबाई माझ्या बाजूनं उभी राहिली, मग ते गप्प बसले. त्यांचे पावणे आपल्याच गल्लीत आहेत, तिथंच मुक्काम केलाय.

आणि आज पहाटे जाऊन बघतो तर पोर शांत. एकदम गप. बोटं गार लागली म्हणून कोमट तेल चोळलं, तर म्हणाली, "काका, काय कळतच न्हाय." दुखणं पळालं की, आपा. तू असतीस तर तुलाही भरून आलं असतं. आज पहिल्यांदा मला वाटलं की अब्बांचं जे होतं ते माझं झालं.

शाहबाज


जयसिंगपूर,
२ डिसेंबर

शाहबाज,

पट्टी काप. हे वाचलंस की पत्र खाली ठेव, कात्री घे, जाऊन पट्टी काप, कामट्या काढ आणि पोरीला मोठ्या दवाखान्यात घाल. बाकीचं नंतर वाच.

दुखणं पळालेलं नाही. हाताला रक्त जायचं थांबलंय, म्हणून तिला कळत नाही. रडत होती तोवर हात जिवंत होता. तिचं नख दाबून सोड. दाबल्यावर पांढरं होतं आणि सोडल्यावर लगेच लाल व्हायला पाहिजे. झालं नाही तर एक क्षणही बसू नकोस. आणि लाल झालं तरीही ने.

तुमच्या शेजारच्या गिरणीत फोन लावला. नुसता वाजतोय. आज सोमवार, गिरणी बंद, माझ्या लक्षातच आलं नाही. अण्णासो दहाच्या गाडीनं परत येतायत, त्यांना सांगितलंय की गाडी लागली की आधी तुझ्या घरी या. मी सासूबाईंजवळ बयाबाईला बसवून मागच्या गाडीनं निघतेय. माझी वाट बघू नकोस. डॉक्टरनं विचारलं कधी बांधलं, कुणी बांधलं, तर खरं सांग. वेळ लपवलीस तर तो पोरीचाच तोटा आहे.

लाज नंतर वाटून घे. पट्टी काप.

आपा


कोल्हापूर,
१० जानेवारी १९९७

आपा,

सलाम. तू दवाखान्यातूनच परस्पर निघून गेलीस. त्यानंतर तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आधी चांगली बातमी. मुलगी झाली, सत्तावीस तारखेला. अरीबा नाव ठेवलंय. तुझ्या ओढणीतच गुंडाळून ठेवतो तिला. तुला बोलवायला हवं होतं. जैतून रोज म्हणते.

साक्षीचा हात वाचला. डॉक्टरांनी त्याच दुपारी हात चिरून सूज मोकळी केली. महिनाभर दवाखान्यात होती. तीन बोटं मात्र आत वळलीत, सरळ होत नाहीत. पेन धरता येत नाही.

तुला एक सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्या दिवशी तुझं पत्र आलं तेव्हा पृथ्वीराजच्या पावण्यांच्या घरात बरीच माणसं होती, गडबड होती, आणि मग तू आलीस, आणि सगळ्यांसमोर तू पट्टी कापलीस. शेवंताबाईनं ते बघितलंय. डॉक्टरांनी त्यांना काय ते सांगितलं, पण तिला ते पटत नाही. ती म्हणते, वस्तादाच्या पोरानं हात नीट बसवला होता, बहिणीनं दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडली म्हणून बोटं गेली. गडमुडशिंगीत आणि आपल्या गल्लीत हेच झालंय. मी म्हणालो नाही, ते म्हणतात.

परवा पृथ्वीराज गुळाची ढेप घेऊन आले. अब्बांना लोक बरं झाल्यावर गूळ आणायचे तसाच. नको म्हणालो, पण ते कट्ट्यावर ठेवून गेले. आता रोज चार-पाच माणसं येतात. मला वस्ताद म्हणतात. मी काय करू? तू तिकडं जयसिंगपूरला, तुझं यात काय जाणार आहे? इथं मला रोज गल्लीतून चालायचं असतं.

शाहबाज


जयसिंगपूर,
१९ जानेवारी १९९७

शाहबाज,

अरीबाला माझ्याकडून दुवा. जैतूनला डिंकाचे लाडू अण्णासोंबरोबर पाठवले आहेत. तुझ्यासाठी नाहीत.

मी आले तेव्हा पट्टी तशीच होती. माझं पत्र तुझ्या खिशात होतं, घडी मोडलेली. एक गाठ तेवढी सैल केली होतीस. 'गडबड होती' म्हणे. गडबड कसली? पट्टी सोडली तर गुण जाईल आणि चार माणसांत तुझी लाज जाईल, एवढीच गडबड होती. तू पत्र वाचलंस आणि तिच्या हातापेक्षा तुझ्या नावाकडं बघत बसलास. हे मी दवाखान्यात बोलले नाही, कारण तिथं साक्षीची आई आली होती.

मला शिव्या पडतात त्याचं मला फार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, माहेरच्या गल्लीत शिव्या म्हटल्यावर वाटणारच. पण तू विचारलंस माझं काय जाणार, तर ऐक. माझं काही जाणार नाही. दुसऱ्या पोराचा हात जाणार. आता अख्ख्या पंचक्रोशीला कळलंय की पट्टी सोडली म्हणून बोटं गेली. उद्या एखादं पोर असंच रडून रडून गप होईल आणि त्याची आई कात्री हातात घेणार नाही. तुझ्या गप्प बसण्यानं हे झालंय.

तुला वाटतं अब्बांकडे वाटी होती, तेल होतं, हात होता. तू कामावरून यायचास संध्याकाळी. संध्याकाळी बरे झालेले लोक गूळ घेऊन यायचे. मोडलेले लोक सकाळी यायचे, आणि सकाळी घरी मी असायचे. अब्बा हात न लावता बघत बसायचे, नख दाबायचे, आणि निम्म्या लोकांना म्हणायचे, "पावणं, हे माझं न्हवं. दवाखान्यात न्या." मग मला हाक, "रशिदा, रिक्षा बोलीव." मी कोपऱ्यावरच्या स्टॉपवर पळायचे. परकर पोलका घालत होते तेव्हापासून लग्नापर्यंत पळाले. तू बरे झालेले बघितलेस, मी परत पाठवलेले बघितले. लोक म्हणायचे वस्तादाचा एक हात वाकडा जात नाही. जाईल कसा? वाकडा जाणारा ते हातात घेतच नव्हते.

आठ दिवसांचा नेमही तसाच. तो लोकांसाठी होता, घरी जाऊन त्यांनी पट्टीशी चाळा करू नये म्हणून. स्वतः अब्बा त्याच संध्याकाळी चपला घालून त्यांच्या घरी चहाला जायचे. चहा निमित्ताला. बोटं बघायला जायचे.

आता तुझ्याकडे पाटी आहे, कट्टा आहे, वाटी आहे, आणि वस्ताद हे नावही आलं. यातलं तुझं काय आहे ते तूच बघ. अरीबाच्या हाताला उद्या पट्टी लागली तर तू आठ दिवस थांबशील का, एवढंच मला सांग.

त्या गुळाचा चहा केलास का?

आपा


कोल्हापूर,
२ मार्च १९९७

आपा,

सलाम. ईदला तू आली नाहीस. शीरखुर्मा कुणाच्याच घशाखाली उतरला नाही.

गुळाचा चहा केला नव्हता. ढेप तशीच होती, एका कोपऱ्याला मुंग्या लागलेल्या. ईदनंतरच्या रविवारी ती पोत्यात घालून गडमुडशिंगीला गेलो. एसटीत दोनदा वाटलं, मधेच उतरावं. पृथ्वीराजच्या दारात पाच-सहा माणसं उन्हाला बसली होती. मला बघून उठली. "या वस्ताद," म्हणाली. घोंगडं टाकलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मग बोललो नसतो.

उभ्यानंच सांगितलं. पट्टी मी आवळून बांधली. बोटं गार पडली ती मी हातात धरून बघितली आणि मला कळलं नाही. बहिणीचं पत्र आलं, पट्टी काप म्हणून, तरी मी कापली नाही. तिनं येऊन कापली म्हणून मनगटापासून हात राहिला. तुमच्या घरात, गावात कुणाच्या पोराची बोटं गार पडली तर माझ्यासाठी काय, कुणासाठीच थांबू नका, आधी पट्टी कापा.

पृथ्वीराज जागेवरून उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, "मी दवाखान्यात न्यू या म्हणालो हुतो. तू न्हाय म्हणालास." एवढंच, आणि आत निघून गेले. मग शेवंताबाई बोलली. मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "तुज्या भनीला मी दोन म्हैनं शिव्या घातल्यात. त्या आता कुठं ठिवू?"

मी म्हणालो, माझ्या पदरात घाला. तिनं घातल्या. सगळ्या घातल्या, एकही ठेवली नाही. मी ऐकून घेतल्या. गूळ उंबऱ्यावर ठेवला.

निघताना साक्षी दाराच्या आतून बघत होती. डाव्या हातानं पाटीवर गिरवत होती. मला म्हणाली, "मग ही बोटं सरळ व्हणार न्हाईत व्हय?" आपा, त्या पोरीला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू. त्यांनी सांगितलेला व्यायाम घरात कुणी घेत नाही, ते त्या दिवशी कळलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला गडमुडशिंगीहून आणतो, दवाखान्यात व्यायाम करून घेतो आणि परत सोडतो. पृथ्वीराज माझ्याशी बोलत नाहीत. पोरीला तयार ठेवतात. एक बोट थोडं हललंय. हललंय असं मला वाटतं, डॉक्टर अजून काही म्हणत नाहीत.

कट्ट्यावरची गर्दी आठवड्यात आटली. गल्लीत म्हणतात, वस्तादाचा गुण पोरात उतरला नाही. बरोबर आहे. पाटीवरची दुसरी ओळ मी रंगानं बुजवली. अब्बांचं नाव ठेवलंय, ते त्यांचं आहे. कारखान्यात पुन्हा विचारून आलोय, पावसाळ्यानंतर बघू म्हणालेत.

वाटी अण्णासोंबरोबर पाठवतोय. सासूबाईंचे गुडघे चोळ आणि तेलाचा वास घे. ती तुझ्याकडेच बरी.

काल सकाळी हुपरीचा एक माणूस आला, म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन. त्याला गल्लीतलं काही माहीत नव्हतं, पाटी बघून आला होता. म्हातारा विहिरीच्या पायरीवरून घसरला होता. मी समोर बसलो. हात लावला नाही. बराच वेळ नुसता बघत बसलो, आणि मग पायाचं नख दाबलं. पांढरं झालं, लाल झालं. घोटा एका बाजूला गेलेला दिसत होता, ओढला असता तर कदाचित बसलाही असता. माझे हात पुढं जायला लागले होते, खोटं नाही सांगत. त्या माणसानं डोळे माझ्याकडे लावले होते, मी काय म्हणतो त्यावर सगळं असल्यासारखे.

मी म्हणालो, "पावणं, हे माझं न्हवं. दवाखान्यात न्या."

आत जैतून अरीबाला पाजत होती, ती दचकून बाहेर आली. म्हणाली, मला वाटलं अब्बाच बोलले.

मग सवयीनं मी मागं वळून बघितलं, रिक्षा बोलवायला कुणाला पाठवावं म्हणून. तू नव्हतीस. मीच पळालो.

तुझा भाऊ,
शाहबाज